देवानं धान नापास केलं

माणूस जन्मतःच दुष्ट असतो, हे प्राध्यापक भूपेश पचारे यांनी नागपूरच्या एका चर्चासत्रात साधार सिद्ध केलं तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. 'कथासाहित्यातील उपजत दुष्टत्व आणि बायबलमधील संदर्भ' असं निबंधाचं भारदस्त नाव. अध्यक्षांनी तो विचारप्रवर्तक असल्याचं सांगितलं आणि त्या विचाराने प्रवृत्त होऊन सगळं सभागृह उठून भोजनकक्षाकडे गेलं. प्रश्न एकानेही विचारला नाही. आपण मानवजातीचं मूळच सडकं आहे म्हणून सांगावं आणि मानवजातीने वांग्याच्या भाजीच्या रांगेत जाऊन उभं राहावं, याचं सरांना मनापासून वाईट वाटलं. प्रमाणपत्र, कापडी पिशवी आणि हा सल घेऊन ते चंद्रपूरला परतले.

सल ताजा असतानाच गावाहून मनसारामभाऊंचा फोन आला. मनसारामभाऊ म्हणजे चिचटोल्याच्या नाट्यमंडळाचे तहहयात अध्यक्ष. दिवाळी झाली की झाडीपट्टीत, म्हणजे विदर्भाच्या या धानाच्या मुलखात, गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते, लेकीजावई आणि सोयरेधायरे गोळा होतात, आणि मंडई आहे पण नाटक नाही असं गाव अजून कुणी पाहिलेलं नाही. यंदा मंडळाला उशीर झाला आणि वडशाच्या सगळ्या नाटक कंपन्यांच्या तारखा दुसऱ्या गावांनी पळवल्या होत्या.

"सर, तुमी एवढे शिकले," मनसारामभाऊ म्हणाले. "एक नाटक लिहून द्या ना गावाले. एक खून पायजे, थोडं रडणं पायजे. कॉमेडी आमी आमची टाकून घेऊ."

सरांनी विचार करायला दोन दिवस मागितले आणि फोन ठेवायच्या आत हो म्हणून टाकलं. जो प्रश्न नागपूरला सुचला नाही तो चिचटोल्याला सुचेल अशी त्यांना आशा होती. (ती पुढे फारच पुरी झाली.) बायबलातली पहिल्या दोन भावांची गोष्ट हा त्यांच्या निबंधाचा कणाच होता. थोरला काईन शेतकरी, धाकटा हाबेल मेंढपाळ. दोघांनी देवापुढे आपापली भेट ठेवली. देवाने धाकट्याची मेंढी घेतली, थोरल्याचं धान्य नाकारलं, आणि थोरल्याने धाकट्याला शेतात नेऊन मारलं. मेंढीच्या जागी शेळी आणि धान्याच्या जागी धान घातलं की गोष्ट झाडीपट्टीत चपखल बसत होती.

"लिहा," सरांच्या पत्नी रीताबाई म्हणाल्या. "पण चिचटोल्याला गेलात की भाऊजींच्या दारावरूनच जावं लागेल, एवढं लक्षात ठेवा."

भाऊजी म्हणजे श्रावण पचारे, सरांचे सख्खे थोरले भाऊ. ते गावातच राहतात, धान लावतात, तलावाला पाणी असलं की बाकीच्या ढिवर मंडळींबरोबर मासे धरतात. सरांच्या कॉलेजच्या वर्षांत त्यांनी दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्यांतही राबून घर चालवलं होतं. सरांनी चंद्रपूरला घर बांधलं तेव्हा श्रावणभाऊ वास्तुपूजनाला आले आणि पंगत बसायच्या आत निघून गेले. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. पुतणी आचलच्या लग्नात सरही अक्षता टाकून तसेच परत फिरले आणि फिटंफाट झाली असं त्यांनी मनाशी ठरवलं. तरी दर दिवाळीला घरात चकल्या तळल्या जाऊ लागल्या की सर उगाच चिडचिडे होत आणि कारण विचारलं की महागाईवर बोलत. भाऊ हवाहवासा वाटत होता, पण तो आपण होऊन आला तरच.

या दुःखावर सरांनी शास्त्रीय उपाय केला होता. श्रावणभाऊंना धाकट्याचं घर पाहून मत्सर वाटला, आणि तो मत्सर उपजत होता, असं त्यांचं निदान होतं. पुरावेही होते. लहानपणी भाऊने त्यांची पाटी फोडली होती. विटीदांडूत तो डाव द्यायला कुरकुर करायचा. साहित्यात याहून कमी पुराव्यावर माणसं जन्मजात दुष्ट ठरलेली आहेत.

नाटक भराभर लिहून झालं. सरांनी 'आद्य पातक' हे नाव दिलं होतं. मंडळाने ते रातोरात बदलून 'धुऱ्यावर सांडलं रक्त, अर्थात सख्खा भाऊ पक्का वैरी' असं केलं (धुरा म्हणजे शेताचा बांध) आणि बॅनर छापायला टाकूनही दिलं. दिवाळीच्या सुट्टीत सर मोटारसायकलवर बॅग बांधून चिचटोल्याला पोचले आणि मनसारामभाऊंच्या छपरीत उतरले. समोरच श्रावणभाऊंचं घर. सकाळी दोघे भाऊ समोरासमोर दात घासत आणि दोघेही मधल्या गाईकडे बघत.

वाचन समाजमंदिरात झालं. पहिला अंक देवाच्या बागेचा: पहिलं जोडपं, साप आणि मना केलेलं फळ. सरांनी फळासाठी टेंभराचं झाड योजलं होतं, कारण टेंभरं चिचटोल्यात सगळ्यांनीच खाल्लेली होती. जोडपं बागेबाहेर हाकललं गेलं तेव्हा मागे बसलेले वनरक्षक अतुल गेडाम समाधानाने म्हणाले, "बराबर केलं. राखीव जंगल आहे म्हटल्यावर फळाले हात लावाचाच नाई."

"नोटीस देल्ली होती का?" एकाने विचारलं.

"तोंडी सांगतलं होतं ना."

"तोंडी चालत नाई. अन् त्याईनं वनहक्काचा दावा टाकला होता का नाई, थे सरनं सांगतलंच नाई."

मानवाच्या पतनाचा प्रश्न तिथेच पडून राहिला आणि चर्चा दाव्याच्या कागदांवर गेली. पुष्कळ वेळाने सर्वानुमते ठरलं की जोडपं भोळं होतं, देव कायद्याने वागला आणि खरा चुगलखोर साप होता. सरांनी मूळ पातकाची कल्पना पुन्हा समजावून सांगितली. आजोबाने टेंभर खाल्लं म्हणून नातवाच्या नावाने पंचनामा होतो हे कुणालाच पटलं नाही. तेवढ्यात शेजारच्या गुणाबाईंनी आपला सल्ला दिला.

"पहिले मायबाप दाखव बाप्पा, पन लुगडं-धोतर नेसवून दाखव. मंडईले जावई येते."

दुसऱ्या अंकात दोन भाऊ आले. थोरल्याचं वर्णन सरांनी अगदी जिवंत केलं होतं. तो डोक्याला दुपट्टा गुंडाळतो, खर्रा चघळतो, हसताना मांडीवर थाप मारतो आणि रागावला की न बोलता उठून जातो. सर वाचत होते आणि एकेकाचं खर्रा चघळणं थांबत गेलं. लोक एकमेकांकडे बघायला लागले.

"हा तं आपला श्रावन," गुणाबाई म्हणाल्या.

"छे छे, हे पात्र वैश्विक आहे," सर म्हणाले.

"असीन. पन आहे थो श्रावनच."

मग थोरल्याचं काम करायला कुणी तयार होईना. एरवी झाडीपट्टीत खलनायकाच्या पार्टसाठी भांडणं लागतात. धाकट्याचं, म्हणजे मरणाऱ्याचं काम बिरजूने पहिल्याच दिवशी पटकावलं होतं. बिरजू पंक्चर काढतो, पण त्याची खरी हौस मरण्याची. गावातल्या प्रत्येक नाटकात तो मेला होता आणि या खेपेला उजव्या कुशीवर मरायचं त्याने ठरवलं होतं. थोरल्याच्या पार्टला मात्र जो तो मान हलवी. श्रावणभाऊचा पार्ट दुसऱ्याने करणं बरं दिसत नाही, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. यात कुणाच्या मनात काळंबेरं नव्हतं. माणूस गावात हजर असताना त्याची नक्कल कशाला करायची, एवढाच साधा विचार होता.

दुसऱ्या दिवशी तालमीला श्रावणभाऊ स्वतः आले. डोक्याला दुपट्टा, गालात खर्रा. सरांकडे न बघता ते मनसारामभाऊंना म्हणाले, "आयकलं का माह्यावर नाटक लिहिलं. मंग दुसऱ्यानं काऊन करावं? मी करतो."

सरांना उठून जावंसं वाटलं. पण दिग्दर्शकाला भाऊ असून चालत नाही. त्यांनी चष्मा पुसला आणि मनसारामभाऊंना सांगितलं, "त्यांना म्हणावं, प्रवेश डावीकडून आहे."

"श्रावन, प्रवेश डावीकडून आहे."

"त्याले म्हना, डावीकडे शेरी बांधली आहे." नाटकातली शेळी खरोखरच तिथे उभी होती.

पुढच्या सगळ्या तालमी अशाच मनसारामभाऊंमार्फत झाल्या. मनसारामभाऊ देवाचं काम करत होते, त्यामुळे मध्यस्थी त्यांना शोभून दिसे. श्रावणभाऊंना संवाद चटकन पाठ झाले. एकाच जागी गाडी अडली. दोघे भाऊ भेटी ठेवतात, देव शेळीकडे पाहून प्रसन्न होतो आणि थोरल्याला म्हणतो, 'तुझं धान मला मान्य नाही.' यावर थोरल्याने मनात गाठ बांधून निघून जायचं होतं. श्रावणभाऊ जाईनात.

"काऊन मान्य नाई?" ते मनसारामभाऊंना विचारत.

देवाच्या दाढीतले मनसारामभाऊ सरांकडे बघत. "सर, याचं म्हननं बराबर आहे. खरेदी केंद्रावर नापास करतात तं मशीन लावून सांगतात, ओलावा जास्त आहे. मी देव झालो म्हनून का झालं? मले बी या गावात राहाचं आहे."

एवढं निघायचा अवकाश, सगळी तालीम शेतीवर जायची. कुणी म्हणे तुडतुडा लागला असेल. कुणी म्हणे पहिल्या पिढीचा शेतकरी, त्याला वाळवायचा अंदाज नसेल. बिरजूने आपली शेळी बरी होती एवढं नोंदवून घेतलं. त्या शेळीने मग पुढे होऊन श्रावणभाऊंच्या टोपलीतलं देवाने नाकारलेलं धान खायला सुरुवात केली आणि धानात खोट नाही याबद्दल एक साक्ष मिळाली.

सरांचा संयम सुटला. "कारण नाही!" ते ओरडले. "हेच तर म्हणणं आहे! तो मुळातच वाईट होता. नंतरचं सगळं निमित्त आहे."

श्रावणभाऊंनी टोपली खाली ठेवली. "त्याले विचारा, मुळात म्हंजे कवापासून?"

"जन्मापासून," सर परस्पर म्हणाले.

"मंग त्याच्या मायले माहीत असीन," श्रावणभाऊ मनसारामभाऊंनाच म्हणाले. "आमच्या मायले तं असं काई माहीत नवतं." आणि ते उठून निघून गेले, अगदी नाटकात लिहिल्याप्रमाणे. त्या दिवशीची तालीम तिथेच संपली. छपरीत पडल्यापडल्या सरांनी माय गेल्याला किती वर्षं झाली ते आठवायचा प्रयत्न केला आणि विषय बदलून परवानग्यांचा विचार सुरू केला.

परवानग्यांचं प्रकरण वेगळंच पेटलं होतं. ठाणेदारसाहेबांनी नाटकाचं हस्तलिखित पुढे ओढलं आणि नेहमीच्या सवयीने चौकशी सुरू केली.

"खून आहे?"

"आहे."

"कोणाचा?"

"सख्ख्या भावाचा."

"हेतू?"

"हेतू नाही. आरोपी जन्मजात दुष्ट आहे."

ठाणेदारांनी पेन खाली ठेवलं. "सर, एवढी वर्षं नोकरी झाली. बिनकारणाचा खून मी अजून पाहिलेला नाही. खोदलं की निघतं. कुणी कुणाला ताटावरून उठवलेलं असतं, कुणी कुणाची ओळख चारचौघात दिलेली नसते. तुम्ही नीट खोदलं नसेल." त्यांनी सही केली, पण लेखकाचा तपास अपुरा आहे हे मत त्यांनी हवालदारालाही ऐकवलं. सरांना तो वाङ्मयाचा अपमान वाटला. नागपूरला निदान वांग्याची भाजी तरी होती.

त्यानंतर वाघ आला. तलावाच्या पाळीवर त्याची पावलं उमटलेली दिसली आणि गेडामांनी येऊन सांगितलं की अंधार पडल्यावर गर्दी जमवायची नाही, लांबच्या गावच्या लोकांना पायी पाठवायचं नाही. वाघाशी कुणी हुज्जत घातली नाही. त्याचं जाणं-येणं गावाच्या अंगवळणी पडलेलं होतं. नाटक रात्रीचं दुपारी करायचं ठरलं. झाडीपट्टीत रात्रभर चालणारं नाटक टळटळीत उन्हात ठेवणं म्हणजे लग्न सुतकात करण्यासारखं होतं, पण इलाज नव्हता.

उन्हाने पहिला बळी देवाचा घेतला. निळा उजेड, धूर आणि चंदेरी दाढी यांवर सरांची भिस्त होती. दुपारच्या रंगीत तालमीत मनसारामभाऊ त्या दाढीत उभे राहिले तेव्हा त्यांची स्वतःची नातवंडं हसून लोळायला लागली. म्हणून देवाने दिसायचंच नाही, पडद्यामागून माइकवर नुसतं बोलायचं, असं ठरलं. मग मंडईच्या सकाळी मनसारामभाऊंनी त्याच माइकवरून पाहुण्यांचं स्वागत, हरवलेल्या चपला आणि मोटारसायकली बाजूला घेण्याच्या सूचना एवढ्या तळमळीने केल्या की त्यांचा आवाज बसला. घशातून नुसती हवा यायला लागली. देवाचे संवाद पाठ असलेला दुसरा माणूस गावात एकच होता.

"सर, तुमीच व्हा देव," मनसारामभाऊंनी हवेतल्या हवेत सांगितलं.

सरांना मनातून ते रुचलं नाही असं म्हणता येणार नाही.

रीताबाई सकाळच्या एसटीने आल्या आणि मनसारामभाऊंच्या छपरीकडे न फिरकता सरळ भाऊजींच्या घरात शिरल्या. नाटकाला थोडा वेळ उरला तेव्हा त्या पडद्यामागे आल्या. सर माइकवर फुंकर मारून पाहत होते.

"भाऊजी त्या धानावर का अडून बसलेत, ते कळलं का तुम्हाला?"

"शेतकरी बुद्धी," सर म्हणाले. "प्रतीक कळत नाही."

"तुम्हाला खरंच आठवत नाही?" रीताबाईंच्या आवाजात राग नव्हता, म्हणून सरांना भीती वाटली. "वास्तुपूजनाला ते नव्या तांदळाचं पोतं घेऊन आले होते. मूल गावी बस बदलून, खांद्यावर घेऊन. दारात तुम्ही प्राचार्यांशी बोलत उभे होतात. प्राचार्यांनी विचारलं, हे कोण? तुम्ही म्हणालात, 'आमच्या गावाकडचे आहेत.' आणि भाऊजींना म्हणालात, 'मागच्या दाराने ठेवा, फरशी खराब होईल.' मी पाणी घेऊन येईपर्यंत ते फाटकाबाहेर गेले होते."

सरांना आधी फरशी आठवली. पांढरी होती आणि महाग होती. मग पोतं आठवलं, त्याच्या खाली ओला झालेला खांदा आठवला. वाक्य काही केल्या आठवेना, आणि रीताबाई खोटं बोलत नाहीत हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. कारण होतं, प्राचार्य होते, गडबड होती, असं काहीतरी त्यांनी बोलायला घेतलं. पण पेटीवाल्याने नांदीचा सूर धरला होता आणि रीताबाई बायकांच्या बाजूला जाऊन बसल्या होत्या.

नाटकाला गर्दी लोटली. लोक टॉवेल डोक्यावर घेऊन उन्हात बसले होते. पहिला अंक छान झाला. लुगड्या-धोतरातल्या पहिल्या जोडप्याने टेंभर खाल्लं, गेडामांनी पहिल्या रांगेतून मान डोलावली, सापाला शिट्ट्या मिळाल्या. दुसऱ्या अंकात बिरजू शेळी घेऊन आला. देव प्रसन्न झाला. मग डावीकडून श्रावणभाऊ आले. टोपलीत या हंगामाचं, त्यांच्याच बांधीतलं धान होतं. त्यांनी गुडघे टेकले आणि टोपली पुढे सरकवली.

"तुझं धान मला मान्य नाही," देव म्हणाला. भोंग्यातून ते वाक्य तलावापर्यंत गेलं.

श्रावणभाऊंनी मान वर केली. त्यांनी आता उठून जायचं होतं. ते गुडघ्यांवरच बसून राहिले आणि पडद्याकडे बघत म्हणाले, "काऊन?"

इथे मध्ये मनसारामभाऊ नव्हते. इतक्या वर्षांत भावाने सरांना स्वतःहून विचारलेला हा पहिलाच शब्द होता, आणि तो मंडईसमोर विचारला होता.

सरांनी हस्तलिखितात पाहिलं. तिथे 'देव मौन' असं लिहिलेलं होतं. लिहिताना ते त्यांना फार आवडलं होतं.

"सांग ना गा देवा!" प्रेक्षकांतून आवाज आला.

"मशीन लावा म्हना!"

"ओलावा किती आहे?"

"चूप राहा सारे!" गुणाबाई ओरडल्या. "सांगून राह्यला थो. सांगू द्या त्याले."

देव सांगत नव्हता. पडद्याच्या फटीतून सरांना भावाचे हात दिसत होते. धान कापताना विळा लागलेलं बोट, त्यावर चिंधी. चेहऱ्यावर ना राग होता, ना मत्सर. ते फक्त वाट बघत होते. सरांना आपला निबंध आठवला, त्याच्या तळटीपा आठवल्या, आणि त्यातली एकही या माणसावर चालत नाही हे त्यांना अतिशय स्पष्ट दिसलं. त्यांना लाज वाटली. एका वाक्याने हे नाटक बुडणार होतं, आणि चर्चासत्रात सप्रमाण मांडलेला सिद्धांतही त्याबरोबर जाणार होता.

"धानात खोट नाई," भोंगा म्हणाला. आतापर्यंत पुस्तकी बोलणारा देव एकाएकी गावचं बोलायला लागला होता. "खोट घेनाऱ्यात... म्हंजे माह्यात होती. आन भाऊ, आन इकडं. समोरूनच आन."

"देव त्याले भाऊ म्हनून राह्यला," पुढच्या रांगेतली एक पाहुणी शेजारणीला म्हणाली. श्रावणभाऊ उठले. त्यांनी टोपली उचलली, रंगमंचाच्या मधून चालत आले आणि पडद्याच्या पायाशी ठेवली. त्यांनी दुपट्ट्याने तोंड पुसलं आणि तो बराच वेळ तोंडावरच राहू दिला. मग टाळ्या सुरू झाल्या. शेतकऱ्यांच्या बाजूने त्या थांबेनात. हंगामात पहिल्यांदाच कुणाचं तरी धान पहिल्या फेरीत पास झालं होतं.

टाळ्या ओसरल्यावर बिरजू पुढे आला. त्याच्या चेहऱ्यावर मोठं संकट होतं. "आता हा मले मारते का नाई?" त्याने पडद्याला विचारलं.

"काऊन मारू?" श्रावणभाऊ म्हणाले. "माहं तुह्यासंग का भांडन आहे?"

"मंग मी मरू का नाई?"

हा खरोखरच पेच होता. बॅनरवर रक्त सांडलेलं होतं. बाहेरगावचे लोक सतरंज्या घेऊन आले होते आणि खून अजून झालेला नव्हता. मनसारामभाऊ हातवारे करत विंगेत धावत आले. पुढून गेडामांनी सुचवलं की पहिल्या अंकातला साप मोकळाच बसला आहे, त्याला पाठवा, नाहीतरी सुरुवात त्यानेच केली होती. सापाने चहा अर्धा टाकला, शेपूट बांधली आणि तो परत रंगमंचावर गेला. बिरजू चावला गेला, किंचाळला आणि उजव्या कुशीवर मरायला लागला. मंडईला हवं होतं ते मिळालं आणि ती रडायला सज्ज झाली.

पडद्यामागे सर माइक हातात धरून उभे होते. श्रावणभाऊ आत आले. त्यांनी खर्रा थुंकला, भावाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"एवढा वेळ काऊन लावला?"

"लिहिलेलं नव्हतं," सर म्हणाले.

"मी तं समजत होतो," श्रावणभाऊ म्हणाले, "का तुह्यात माया मुळातच नाई."

आणि त्यांनी मांडीवर थाप मारली. सरांनी हसायचा प्रयत्न केला, तो जमला नाही, आणि ते थोरल्या भावाच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागले. बाहेर बिरजू अजून मरत होता, म्हणून ते कुणाला ऐकू गेलं नाही.